तुम्ही विचारलंत म्हणून: दोन देशांची एक नदी वाटतात म्हणजे काय करतात?

"नदी एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तिथं पाणीवाटपाचा करार असतो म्हणतात. पण वाहतं पाणी वाटायचं कसं? आणि करार असूनही भांडणं का होतात?" हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेताची वाटणी असते: मधे बांध घातला की काम झालं. पण शेत उद्याही तेवढंच राहतं. नदी कालच्याएवढी आज नसते आणि मार्चातली नदी ऑगस्टातल्या नदीच्या जवळपासही जात नाही. सामाईक नद्या, तलाव किंवा भूजल असलेले देश जगात १५३ आहेत, म्हणजे हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही.

आधी मोजणीचं बोलू, कारण करार बहुतेक वेळा तिथंच कुजायला लागतो. नदीतला विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी जातं ते, रोज थेट मोजत नाहीत. सरितामापन केंद्रावर पट्टी लावून पाण्याची पातळी वाचतात आणि आधी तयार केलेल्या पातळी-विसर्ग आलेखावरून आकडा काढतात. तो आलेख प्रत्यक्ष मोजणीतून बनतो. नदीच्या रुंदीचे वीस-पंचवीस उभे भाग पाडायचे. प्रत्येक भागात खोली घ्यायची. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पटीवर प्रवाहमापी धरून वेग घ्यायचा. खोल असेल तर ०.२ आणि ०.८ पटीवर घेऊन सरासरी काढायची. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, आणि सगळ्यांची बेरीज. कोणत्याही एका भागातून एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी जाता कामा नये, नाहीतर तिथली एक चूक सगळा आकडा नासवते. अशा मोजण्या पातळी कमी, मध्यम, जास्त असताना वेगवेगळ्या वेळी झाल्या की आलेख उभा राहतो.

बिघडतं ते असं: पुरात तळ खरवडला जातो किंवा गाळ साचतो, पात्राचा आकार बदलतो, पण आलेख जुनाच वापरात राहतो. पाणी चढत असताना एका पातळीला जेवढा विसर्ग असतो, तेवढाच उतरत असताना त्याच पातळीला नसतो. चढतीला जास्त असतो. खाली बंधाऱ्याची दारं बंद असतील तर फुगवटा पट्टीपर्यंत येतो: पातळी वाढलेली दिसते, पाणी मात्र वाढलेलं नसतं. सगळं नीट केलं तरी चांगल्या केंद्रावर पाच टक्क्यांची चूक गृहीतच धरावी लागते. ७०,००० क्युसेकवर पाच टक्के म्हणजे ३,५०० क्युसेक, सेकंदाला जवळपास एक लाख लिटर. कोरड्या दहा दिवसांत एवढं पाणी 'गायब' झालं की वर्तमानपत्रात चोरीची भाषा सुरू होते. म्हणून दोन्ही देशांच्या माणसांनी एकत्र उभं राहून घेतलेलं वाचन हे करारातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचं कलम असतं, असं आमचं मत.

७०,००० हा आकडा उगाच घेतला नाही. भारत आणि बांगलादेश यांच्यातला १२ डिसेंबर १९९६ चा गंगा करार त्याच आकड्यावर वळण घेतो. १ जानेवारी ते ३१ मे या काळात दर दहा दिवसांचा हिशेब होतो. फरक्क्याला, म्हणजे भारताच्या हद्दीतल्या गंगेवरच्या बंधाऱ्याला, पाणी ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेलं भारताला. ७५ हजार किंवा जास्त असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशाला. शिवाय ११ मार्च ते १० मे या कडक उन्हाळ्यात दहा दिवस याला, पुढचे दहा दिवस त्याला, असे ३५,००० क्युसेक हमखास. नदीत ५५,०००च असेल तर एकाच्या वाट्याला ३५,००० येतात आणि दुसऱ्याला २०,००० वर भागवावं लागतं; पुढच्या दहा दिवसांत पारडं उलटतं. पाण्याच्या पाळीसारखीच ही रचना आहे आणि आम्हाला ती हुशारीची वाटते. ५०,०००च्या खाली गेलं तर मात्र तातडीनं चर्चा करायची, एवढंच लिहिलंय. सर्वांत वाईट वर्षासाठीच आकडा नाही. फरक्क्याला आणि खाली बांगलादेशातल्या हार्डिंज पुलाला संयुक्त मोजणी होते. कराराची मुदत तीस वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत.

टक्केवारी घालायची की ठोक आकडा, हा सगळ्या करारांतला खरा वाद. खालच्या देशाला ठोक आकडा आवडतो, कारण कालवे आणि पिकं त्यावर आखता येतात. वरच्याला टक्केवारी आवडते. कोलोरॅडो नदीवर ठोक आकडा घातला. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांनी आपसात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ९२५ कोटी घनमीटर वाटून घेतलं. १९४४ च्या तहानं मेक्सिकोला वर्षाला १५ लाख एकर-फूट कबूल केलं. अडचण अशी की १९२२ चे आकडे ज्या वर्षांच्या नोंदींवर बेतले, ती वर्षं नेमकी नेहमीपेक्षा ओली होती. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं गेलं आणि पुढची शंभर वर्षं त्याची उसनवारी फेडण्यात चालली आहेत.

तरी तिथंच एक शहाणपणाची दुरुस्तीही झाली. २०१२ आणि पुढे २०१७ मध्ये दोन्ही देशांनी तूट वाटण्याच्या पायऱ्या लिहून ठेवल्या. कोलोरॅडोवरच्या लेक मीड जलाशयाची पातळी १,०७५ फूट किंवा खाली गेली की मेक्सिकोचं ५०,००० एकर-फूट कमी. १,०५० च्या खाली ७०,०००. १,०२५ च्या खाली १,२५,०००. अमेरिकेतल्या खालच्या राज्यांनाही पायऱ्यापायऱ्यांनी कपात. टंचाई आल्यावर बैठक बोलवायची नाही, पट्टी वाचायची. कोणताही करार हातात आला तर आम्ही आधी हेच पान शोधतो: कोरड्या वर्षी काय? तिथं फक्त 'परस्पर सामंजस्यानं' असं लिहिलेलं असेल तर तो करार पावसाळ्यापुरता.

पाणी किती, एवढंच लिहून भागत नाही. १९४४ च्या तहात पाण्याच्या गुणवत्तेचा आकडाच नव्हता. १९६१ पासून ॲरिझोनातल्या शेतांखालचा खारट निचरा नदीत सोडला जाऊ लागला. मेक्सिकोला घनमीटर पुरे मिळाले, पण त्या पाण्यानं पिकं जळायला लागली. क्षारांची मर्यादा लिखित स्वरूपात यायला १९७३ उजाडलं.

आणि वेळ. मध्य आशियातल्या सिरदर्या नदीच्या उगमाकडे, नारीन नदीवर, किर्गिझस्तानात तोक्तोगुल हे प्रचंड धरण आहे. सोव्हिएत काळात ते उन्हाळ्यात खालच्या कापसासाठी पाणी सोडायचं आणि हिवाळ्यात वरच्या भागाला कोळसा, गॅस खालून यायचा. १९९१ नंतर इंधनाचे पैसे मागितले जाऊ लागले. किर्गिझस्ताननं मग थंडीत वीज करायला हिवाळ्यात पाणी सोडायला सुरुवात केली. वर्षभराची बेरीज फारशी बदलली नाही. पण खाली उन्हाळ्यात टंचाई आणि हिवाळ्यात गोठलेल्या पात्रात पूर. १९९८ मध्ये अदलाबदलीचा करार पुन्हा लिहिला, तो धडपणे चालला नाही. शेवटी खालच्या कझाकस्ताननं हिवाळी पाणी अडवायला ३०० कोटी घनमीटरचा कोकसराय जलाशय बांधला. वीज हिरवी, तरी शेजाऱ्याला एका नव्या धरणाचा खर्च पडला. जलविद्युत प्रकल्पांना 'हरित' शिक्का मारणाऱ्यांनी सोडण्याचं वेळापत्रकही बघावं.

आम्हाला जास्त भरवसा पाण्याऐवजी फायदा वाटणाऱ्या करारांचा वाटतो. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये एक संस्था काढली. गिनी पुढे २००६ मध्ये आला. धरण कुणाच्या जमिनीवर आहे ते बघायचं नाही, ते सगळ्यांच्या मालकीचं, असं त्यांनी ठरवलं. मालीतल्या मानांताली धरणाच्या विजेचे वाटे मालीला ५२, सेनेगलला ३३ आणि मॉरिटानियाला १५ टक्के. दार कधी उघडायचं हे एकट्या मालीच्या हातात नाही.

पण गोडवे गाऊन थांबू नये. त्याच नदीच्या मुखाजवळ १९८६ मध्ये दियामा बंधारा झाला. समुद्राचं खारं पाणी अडलं, शेतीला गोडं पाणी मिळालं. खारेपणा गेल्यावर गोगलगायी फोफावल्या. त्यांना खाणाऱ्या कोळंबीची ये-जा खाऱ्या पाण्यापर्यंत होत असे, ती बंधाऱ्यानं तुटली. दोन-तीन वर्षांत त्या भागात आतड्याच्या बिलहार्झिया रोगाची मोठी साथ आली, कारण त्या परजीवीचं घर गोगलगायीत. तीन देशांचे अभियंते एका टेबलावर होते. आरोग्यखातं आणि मासेमार बोलावले असते तर नकाशा कदाचित वेगळा निघाला असता.

आंतरराष्ट्रीय निधीतून येणाऱ्या 'पाणी वाचवा' योजनांबद्दलही विचारतात. ठिबक बसवलं, कालव्याला अस्तर केलं की शेतात कमी पाणी लागतं हे खरं. पण आधी जे 'वाया' जायचं, त्यातलं बरंचसं झिरपून खालच्या विहिरींना किंवा पुन्हा नदीला मिळायचं. ते बंद झालं आणि शेतकऱ्यानं वाचलेल्या पाण्यावर आणखी जमीन भिजवली, तर पिकांवाटे हवेत जाणारं पाणी वाढतं आणि खालच्या देशाला कमी येतं. म्हणून अहवालात किती पाणी उचललं यापेक्षा किती बाष्प होऊन गेलं, हा आकडा मागावा. भिजक्षेत्राला कमाल मर्यादा घातलेली नसेल तर त्या योजनेतून नदीला काही मिळेल असं धरू नये.

भूजलाला तर पट्टीच नसते. तरी जिनिव्हा आणि शेजारचा फ्रान्सचा भाग यांनी १९७८ मध्ये एका सामाईक जलधराचा, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या थराचा, करार केला. उपशानं पातळी घसरली होती. आर्व्ह नदीचं पाणी गाळून जमिनीत जिरवायचं काम जिनिव्हानं घेतलं. पाणी गढूळ झालं की जिरवणं थांबवतात, नाहीतर बारीक गाळानं मातीची छिद्रं बुजतात आणि सगळं बांधकाम निकामी होतं. फ्रान्सच्या बाजूला वर्षाला ५० लाख घनमीटरपर्यंत उपसा करता येतो; त्यातले २० लाख फुकट, त्यापुढे जिरवण्याच्या खर्चातला वाटा भरायचा. प्रत्येक विहिरीवर मीटर, आणि वर्षाअखेरीला बिल.