सोलर गाडीचा आकार असा का, पॅनेल तर छतावरही बसतं!

तुम्ही विचारलंत म्हणून नीट हिशेब मांडून सांगावंसं वाटतं. प्रश्न साधारण असा असतो: 'शेपटीकडे निमुळती होणारी बॉडी, तीन चाकं, त्यावर झाकणं, एवढा खटाटोप कशाला? चांगल्या इलेक्ट्रिक गाडीच्या छतावर पॅनेल लावलं की झालं.'

तेवढ्यानं भागत नाही. बॉनेटपासून शेपटीपर्यंत जागा वापरली तरी प्रवासी गाडीवर साधारण ७०० वॉटचे सोलर सेल बसतात. दिवसाला पाच तास पूर्ण तळपत्या उन्हाइतकी ऊर्जा मिळाली असं धरू: साडेतीन युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास). पण सेल जवळजवळ आडवे असतात, तापलेले असतात, शिवाय वायरिंग आणि कन्व्हर्टरमध्ये काही जातं. बॅटरीत पोचतात ते २.६ युनिट.

आता खर्च. ड्रॅग गुणांक (आकार हवेला किती अडवतो त्याचं माप, जितका कमी तितका चांगला) ०.३० आणि समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर असलेल्या गाडीला ताशी ९० किमी वेगानं जाताना नुसती हवा बाजूला सारायला किलोमीटरला सुमारे ६९ वॉट-तास लागतात. टायर, मोटर आणि बाकीचं धरून १३५. म्हणजे दिवसभराच्या उन्हावर १९ किमी, तेही तिच्या छतावर ७०० वॉट मावले तर. गुणांक ०.१५ आणि क्षेत्रफळ १.८ केलं की हवेचा हिस्सा २८ वर येतो. माणसांसकट वजन ९०० किलोंत ठेवून कमी घर्षणाचे टायर घातले तर एकूण साधारण ६० आणि अंतर ४३ किमी. पॅनेल तेच, अंतर दुपटीहून जास्त. म्हणून आधी खर्च कमी करायचा आणि पॅनेलचा विचार नंतर. ०.१५ हे दिवास्वप्न नाही. 'लाइटइयर ०' या चारचाकी सोलर गाडीचा जाहीर केलेला गुणांक ०.१७५ होता.

नाक टोकदार हवं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर गोलसर नाक हवेला चालतं, कसोटी लागते ती मागे. शेपटी साधारण १०-१२ अंशांपेक्षा जास्त तीव्र वळवली की हवा पृष्ठभाग सोडते, मागे भोवरे आणि कमी दाब तयार होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. इतकी सावकाश निमुळती होत गेलेली बॉडी मागे दोन चाकं आणि त्यांचं सस्पेन्शन सहजी सामावत नाही, म्हणून तीन चाकं. त्यातही दोन पुढे, एक मागे. वळणावर ब्रेक लावला की वजन पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ढकललं जातं. तिथे चाक नसेल तर गाडी कलंडू शकते. बॅटरी खाली आणि पुढच्या ॲक्सलकडे ठेवायची, तेही याचसाठी.

हवेला घुमटासारखे दुहेरी वक्र आवडतात, सेल ज्याचे बनतात त्या सिलिकॉनला ते चालत नाहीत. जेमतेम ०.१६ मिमी जाडीचा सेल एकाच दिशेनं थोडा वाकतो. दोन्ही दिशांनी वाकवला की तडा जातो. त्यामुळे छताला मुख्यतः एकाच दिशेचा बाक द्यायचा, उरलेला वक्र कडांवर ढकलायचा आणि गरज पडेल तिथे सेल अर्धे कापून लावायचे. आकार ठरवणारा आणि सेल मांडणारा पहिल्या दिवसापासून एकत्र बसले नाहीत, तर शेवटी दोघांचंही बिघडतं.

सगळ्यात जास्त नुकसान चुकीच्या जोडणीनं होतं. एका माळेतले सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात कमी उजेड मिळणारा सेल सगळ्यांचा करंट अडवतो. बॉनेट आणि शेपटी एकाच माळेत ओवली तर सकाळ-संध्याकाळ एक भाग उन्हाकडे, दुसरा पाठमोरा, आणि हाती येतं ते पाठमोऱ्याच्या मापानं. बायपास डायोड अडथळा टाळून वाट काढतो, पण तेवढ्या सेलची वीज सोडून द्यावी लागते. म्हणून बॉनेट, छत, शेपटी यांना स्वतंत्र एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून त्या क्षणी जास्तीत जास्त वीज काढणारं उपकरण. पॅनेलची कड बॉडीच्या पृष्ठभागाशी समतल बसवायची. नाकाजवळ दोन-तीन मिमीची पायरी राहिली तरी गुळगुळीत प्रवाह तिथेच मोडतो. आणि उष्णता विसरू नका: सेल ६५ अंशांना पोचला तर २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १४ टक्के वीज कमी मिळते.

एक खर्च कागदावर दिसतच नाही. उभ्या गाडीतले कंट्रोलर, मोडेम, रिले मिळून ४० वॉट घेत असतील तर २४ तासांत जवळजवळ एक युनिट जातं, म्हणजे २.६ मधला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. गाडी उन्हात उभी असताना फक्त एमपीपीटी आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा (बीएमएस) एवढेच जागे हवेत, बाकी सगळं झोपलेलं. मुख्य बॅटरीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे ती जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा मोठा स्विच, दिवसभर धरून ठेवायलाही वीज लागते. त्यावर उपाय म्हणजे वीज आधी छोट्या बॅटरीत साठवायची आणि ती भरली की थोडा वेळ कॉन्टॅक्टर जोडून मोठ्या बॅटरीत सोडायची.