लेक अमेरिकेत प्रोफेसर (पार्टटाइम)

मे महिन्यात मुलुंडला आले की सोसायटीतल्या काकू हमखास विचारतात, "काय गं, मोठी सुट्टी दिसतेय!" सुट्टी कसली डोंबलाची, मेच्या मध्यापासून ते ऑगस्टपर्यंत मला पगारच नसतो. मी तिकडे अ‍ॅडजंट आहे, म्हणजे दर सेमिस्टरला नवं कॉन्ट्रॅक्ट, पैसे कोर्समागे, आणि पुरेशी मुलं आली नाहीत तर क्लास सुरू व्हायच्या आठवडाभर आधीसुद्धा मेल येतो की सॉरी, कोर्स कॅन्सल. तोवर सिलॅबस, स्लाइड्स सगळं करून झालेलं असतं, त्याचे कोण देतंय!

आईने मात्र "लेक अमेरिकेत प्रोफेसर" असं सगळीकडे सांगून ठेवलंय आणि ते खोटंही नाही, मुलं प्रोफेसरच म्हणतात. फक्त प्रोफेसरबाईंचं ऑफिस गाडीच्या डिकीत असतं: तपासायचे पेपर, मार्कर, चार्जर, पोळीभाजीचा डबा. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. कॅलिफोर्नियात आमच्यासारख्यांना फ्रीवे फ्लायर म्हणतात.

इन्शुरन्सचा हिशोब तर ऐकाच. ओबामांच्या आरोग्य कायद्यात आठवड्याला 30 तास म्हणजे फुलटाइम, मग मोठ्या संस्थेने इन्शुरन्स द्यायचा, नाहीतर दंड. आता शिकवणाऱ्याचे तास मोजायचे कसे? तर 2014 मध्ये तिथल्या टॅक्स खात्याने सांगितलं, वर्गातल्या 1 तासामागे तयारी आणि तपासणीचा सव्वा तास धरला तरी चालेल. (सव्वा तास! 35 निबंध तपासून बघा एकदा.) म्हणजे 3 क्रेडिटचा (आठवड्याला वर्गात 3 तासांचा) कोर्स 6.75 तासांचा, 4 कोर्सचे 27, पाचवा घेतला की 30 च्या वर. मग पाचवा कोण देणार? हवा तर दुसऱ्या कॉलेजात शोधा, तिथले तास इथे मोजत नाहीत.

हे सगळं घरी समजावलं तर भाऊ म्हणाला, "पण डॉलरमध्ये ना?" संपलं.

परवा माटुंग्याला इडली खाताना एमएची मैत्रीण भेटली, ती सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी सगळं करून अजून सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन आणि तेही कधी जमा होईल ते देवालाच माहीत. माझं रडगाणं तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढून गेलीस होय? जूनमध्ये आमच्याकडेच मुलाखतीला ये की, समाजशास्त्राच्या तासिका रिकाम्या आहेत."