सांगली ते परळ, एका सुजेसाठी

अण्णांना कावीळ झाली, पण पोट अजिबात दुखत नव्हतं. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी सूज दिसली आणि सर्जननी लगेच मोठ्या ऑपरेशनचं नाव काढलं. त्याआधी एकदा मुंबईला दाखवू म्हणून सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली.

सकाळी दादरला उतरलो. "कॅन्सरच आहे ना रे? सरळ सांग," अण्णा प्लॅटफॉर्मवरच म्हणाले. मी चहा आणायला गेलो.

दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, पण ती कॅन्सरच्या पेशंटसाठी; आमचं तर अजून ठरायचं होतं. डोंबिवलीला मावशीकडे राहिलो, तीच चूक झाली. सकाळच्या लोकलमध्ये आजारी माणूस नेऊ नका. परळच्या आसपासच खोली बघा.

परळच्या डॉक्टरांनी सीटीचा रिपोर्ट बाजूला ठेवून सीडी लावायला सांगितली. म्हणून सीडी न्याच, नुसता कागद नको. मग अण्णांच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना चाचपून विचारलं, "हे कधीपासून?" त्या गाठी आम्ही वर्षभर दातांवर ढकलत होतो. स्वादुपिंडही एका जागी नाही, अख्खंच काकडीसारखं गुळगुळीत सुजलेलं होतं. त्यांना संशय आयजीजी-४ विकाराचा. यात प्रतिकारशक्तीच अवयवांत सूज आणते. रक्तातल्या आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी (अँटिबॉडीशी) त्याचा संबंध जपानी डॉक्टरांनी 2001 साली दाखवला.

रक्तात आयजीजी-४ साधारण 135च्या आत हवं. अण्णांचं 480 निघालं. मी खूश झालो, डॉक्टर नाही. काही कॅन्सरमध्येही ते वाढतं आणि या आजारात कधी नॉर्मलही येतं. म्हणून दुर्बिणीतून सोनोग्राफी करून सुईनं तुकडा घेतला. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि तुकडा घेण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड सुरू करू नका. लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, गाठही त्यानं बसते आणि निदान हुकतं.

कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 40 मिलिग्रॅम सुरू झालं. तीन आठवड्यांनी पुन्हा परळ: कावीळ गेलेली, सूज निम्म्याहून कमी. गोळी हळूहळूच उतरवायची, आणि आजार उलटू शकतो म्हणून तपासण्या चालूच.

हे वाचून कुणी ऑपरेशन टाळू नका. अशा बहुतेक गाठी कॅन्सरच्याच निघतात. फक्त "दुसरं काही असू शकेल का?" एवढं विचारा.

परतीच्या गाडीत कर्जतला अण्णांनी दोन वडापाव मागितले. स्टेरॉइडनं भूक वाढते, साखरही. एकच दिला.