आजी कोड दाखवायला आल्या होत्या

स्किन ओपीडी संपत आली होती, दीड वाजला असेल, तेवढ्यात एक आजी सहा महिन्यांच्या नातवाला घेऊन आत आल्या, मागे त्याचे आईवडील. बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, तेवढं कोड आहे का बघा, आमच्यात कुणालाच नाही हो."

पाठीवर, पोटावर, मांडीवर फिकट डाग होते, जन्मापासूनचे. लाईट बंद करून वूड्स लॅम्प, म्हणजे त्वचेचे डाग बघायचा अतिनील दिवा, लावला. कोडाचा डाग त्या जांभळट उजेडात पांढराशुभ्र चमकतो, हे तसे चमकत नव्हते, नुसते उठून दिसत होते, आणि साध्या उजेडात तीन मोजलेले ते आता सात झाले. मांडीवरचा एक तर एका टोकाला गोल आणि दुसरीकडे निमुळता, अगदी पानासारखा. पाच मिलिमीटरच्या वरचे असे तीन डाग जरी दिसले तरी ट्युबरस स्क्लेरोसिस, म्हणजे त्वचा, मेंदू, हृदय, किडनी अशा अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार, मनात यायलाच हवा.

विचारलं, फिट येते का? सगळे नाही म्हणाले. मग विचारलं, दचकतो का? तशी आई बोलायला लागली, झोपेतून उठला की मान खाली टाकतो, दोन्ही हात फेकतो, क्षणभर थांबून परत तेच, असं दहा-बारा वेळा, मग रडतो. पंधरा दिवस चाललंय. आजींनी दोनदा दृष्ट काढली, एका दवाखान्यात पोटदुखीचे ड्रॉप्स मिळाले. "आधी हसायचा मॅडम, आता बघतच नाही माझ्याकडे." मोबाईलवर व्हिडिओ होता, पहिले दोन झटके बघितले आणि लगेच बालरोगवाल्यांना फोन लावला. हे इन्फंटाइल स्पाझम्स, तान्ह्या बाळांत येणाऱ्या फिटचा एक प्रकार, इथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो.

फोन ठेवला तेव्हा कुठे वडिलांकडे नीट बघितलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालावर बारीक लालसर गाठी. "पिंपल्स आहेत, शाळेत पहिली-दुसरीत होतो तेव्हापासून." त्या वयात पिंपल्स? एकाही गाठीला काळं तोंड नाही, पू नाही. बूट काढायला सांगितले तर पायाच्या अंगठ्याच्या नखाशेजारी मांसाचा छोटा कोंब. इतकी वर्षं क्रीमं लावली त्याने, कुणीच बूट काढायला सांगितले नव्हते. त्याला स्वतःला फिट कधीच आली नाही, एकाच आजाराचं बापलेकात इतकं वेगळं रूप असू शकतं.

"कोड नाही ना?" आजींनी परत विचारलं. नाही म्हटलं तर त्यांनी हात जोडले, चेहरा एकदम मोकळा झाला, आणि पुढचं सगळं मला त्या चेहऱ्याकडे बघत सांगावं लागलं. गर्भात त्वचा आणि मेंदू एकाच थरातून बनतात, पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारं जीन बिघडलं की दोन्हीकडे खुणा उमटतात, त्वचेवरच्या आपल्याला दिसतात एवढंच. वडील हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्याकडून गेलं?" मी म्हटलं, हो, पण यात तुमची चूक काहीच नाही.

ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, त्याच दिवशी झाला, एमआरआयमध्ये मेंदूत गाठी निघाल्या. झटक्यांवरचं औषध व्हिगाबॅट्रिन सुरू केलं, दुसऱ्या आठवड्यात झटके थांबले. डोळ्यांची तपासणी मात्र अधूनमधून करत राहावी लागेल, त्या औषधाने नजरेची कड कमी होऊ शकते. हृदयाची इको झाली, वडिलांची किडनीची सोनोग्राफी लावलीय.

काल फॉलोअपला आले तेव्हा बाळ आईच्या मंगळसूत्राशी खेळत होतं. वडील जाताजाता दारात थांबले, धाकट्या भावाच्या तोंडावर पण असेच पिंपल्स आहेत म्हणे, लग्न ठरलंय त्याचं. सोमवारी बोलावलंय.