मॅक्झिमाइझ केलेल्या विंडोखाली रिकामी पट्टी का उरते?

एक्स११मध्ये (लिनक्ससारख्या प्रणालींवर पडद्यावर विंडो दाखवणारी यंत्रणा) डावीकडे १९२०×१०८० आणि उजवीकडे २५६०×१४४० असे दोन मॉनिटर वरच्या कडेने जुळवून शेजारी लावले आहेत. लहान मॉनिटरच्या तळाशी ३० पिक्सेलचा पॅनल आहे. मोठ्या मॉनिटरवर विंडो मॅक्झिमाइझ केली की खाली ३९० पिक्सेल मोकळे राहतात. हा आकडाच चोर पकडून देतो: पॅनलची राखीव जागा मॉनिटरच्या नव्हे, अख्ख्या रूट विंडोच्या, म्हणजे सगळे मॉनिटर सामावणाऱ्या एकाच मोठ्या आयताच्या, कडेपासून मोजतात. म्हणून दोन मॉनिटरच्या उंचीतला फरक ३६० अधिक पॅनलचे ३०.

विंडोचे गुणधर्म दाखवणारी एक्सप्रॉप (xprop) ही आज्ञा चालवून पॅनलवर क्लिक करा आणि स्ट्रट पार्शलचे (_NET_WM_STRUT_PARTIAL, पॅनलने राखून ठेवलेली जागा) १२ आकडे बघा. शेवटचे दोन, म्हणजे तळाची राखीव जागा आडवी कुठून कुठपर्यंत आहे ते, ० आणि १९१९ असतील, तर पॅनल निर्दोष. विंडोंची जागा आणि आकार ठरवणारा विंडो मॅनेजर ती मर्यादा न पाहताच सगळीकडे जागा कापतोय. नेट वर्कएरियावर (_NET_WORKAREA, विंडोंसाठी उरलेली जागा सांगणारा गुणधर्म) मात्र विसंबू नका. तिथे प्रत्येक डेस्कटॉपला एकच आयत मिळतो, मॉनिटरगणिक नाही.