जनावरं, वाहनं, भांडीकुंडी

बुधवारी दुपारी पुण्याच्या जुन्या बाजारात, किल्ली हरवलेल्या कुलपांच्या ढिगात गाय-वासराचा जुना निवडणूक-बिल्ला दिसला. पत्र्याचा, कडेला गंजलेला, मागची पीन शाबूत. विकणाऱ्याला तो कुठल्याशा दूध डेअरीचा वाटत होता. मी त्याचा समज दूर केला नाही. जमवणाऱ्या माणसाने बाजारात तोंड उघडू नये.

विधानसभेच्या निवडणुकांचे बिल्ले आधी मी पक्षवार लावायला घेतले होते. तिथेच घोळ झाला. काँग्रेसची बैलजोडी 1969 च्या फुटीनंतर गोठली. मग 1972 ला गाय-वासरू, पुढे पंजा. एका पक्षाला तीन कप्पे. उलट धनुष्यबाण एकच, पण 2023 नंतर तो कुणाच्या कप्प्यात टाकायचा यावरून आमच्या घरी जेवताना वाद. घड्याळाचंही तेच. शेवटी पक्ष सोडले आणि चित्रं धरली. जनावरं एकीकडे, वाहनं एकीकडे, भांडीकुंडी तिसरीकडे. जनसंघाची पणती सध्या कुणा अपक्षाच्या कपबशीशेजारी नांदते आहे, दोघांची काही तक्रार नाही. जनावरांचा कप्पा मात्र आता फारसा वाढायचा नाही. प्रचारात मुक्या जिवांचे हाल होतात म्हणून निवडणूक आयोगाने जनावरांची नवी चिन्हं देणंच बंद केलं. हत्ती आणि सिंह तेवढे वाचले.

लहानपणी असली वर्गवारी नव्हती. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ असा कर्णा लावून जीप गल्लीत शिरली की आम्ही धुरळ्यातून मागे पळायचो. मिळतील त्या सगळ्या पक्षांचे बिल्ले एकाच सदऱ्यावर. पत्र्याचा म्हणजे चैन. बहुतेक पुठ्ठ्याचेच, टाचणी लावलेले, घाम आला की शाई खिशावर उतरायची. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पोलिसाने अडवलं. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत बिल्ला चालत नाही, काढ म्हणाला. मी एकेक काढायला लागलो तर तोच कंटाळला. “जा रे, घरी पळ.”

1995 ला 45 अपक्ष आमदार झाले, त्यांचं कौतुक सगळ्यांनाच. मला पडलेल्यांचे बिल्ले हवे असतात. ते छापलेलेच थोडे, आणि निकालानंतर जपणार कोण? आमच्या गल्लीतले एक काका असेच कपबशीवर उभे राहिले. एकूण मतांच्या एक षष्ठांशही पडली नाहीत. डिपॉझिट तेव्हा 250 रुपये होतं, ते गेल्याचं एवढं काही नाही. जीपच्या भाड्यापायी काकूंच्या पाटल्या गेल्या. उरलेले बिल्ले काकूंनी पिशवी झटकून आम्हा पोरांत वाटून टाकले. पुढे कित्येक वर्षं त्या घरी चहा फुलपात्रातून मिळायचा.