आईचं कार्ड आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे

रेकॉर्डची खिडकी म्हटलं की अजून माझं डोकं सणकतं. मुलगी सात महिन्यांची झाली, तरी.

साताऱ्यात नोंदणी, सोनोग्राफी, रक्त-लघवी सगळं बिनबोभाट झालं. बारावा आठवडा होता. फॉर्मवर रकाना होता, 'घरात कुणाला बीपी, शुगर?' आईला बीपी नाही, म्हणून मी 'नाही' लिहून मोकळी झाले. बाहेर चपला घालताना आई म्हणाली, "तुझ्या वेळी मात्र झटके आले होते गं मला. पाय हे एवढाले सुजलेले." परत आत गेले. काउंटरवरच्या सिस्टर म्हणाल्या, "नुसतं सांगून काय? जुना कागद आणा."

कागद 1996 चा! जन्म झाला त्या दवाखान्यात पहिल्या दिवशी 'साहेब जेवायला गेलेत'. दुसऱ्या खेपेला अर्ज दिला, तर पेशंटची सही हवी. आईला कोरेगावहून एसटीनं आणलं. तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. चौथ्या खेपेला साहेब बशीत चहा ओतत म्हणाले, "ताई, रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचा नियम आहे. तुमचं कधीच रद्दीत गेलं असणार." मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? खिडकीच्या कट्ट्यावरचा बशीचा ओला गोल तेवढा मला लख्ख आठवतो.

कार्ड निघालं आईच्या ट्रंकेत, माझ्या जन्मदाखल्याच्या पिशवीत. हळदीचा डाग, त्याखाली '170/110', पुढे 'एक्लाम्पशिया', म्हणजे गरोदरपणात बीपी चढून येणारे झटके.

डॉक्टरीणबाई हसल्याच. "तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं की!" (म्हणून, काउंटरवर नाही, थेट डॉक्टरांना सांगा.) आईला किंवा सख्ख्या बहिणीला गरोदरपणात असं झालं असेल तर आपला धोका वाढतो. त्यात माझं पहिलंच बाळंतपण. म्हणून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, रोज रात्री, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली बरी. माझा पंधरावा संपत आला होता!

मग त्यांनी नवऱ्याच्या जन्माचं विचारलं. मी चाटच. वार (प्लॅसेंटा) बाळाची असते, तिच्यात निम्मी जनुकं बापाकडची, आणि आईच्या रक्तवाहिन्या बिघडवणारी प्रथिनं त्या वारेतूनच येतात. 2017 साली बाळाच्या जनुकांमध्येच, एफएलटी1 नावाच्या जनुकाजवळ, याचा एक धागा सापडला. पण एकच जनुक दोषी असं नाही, अशा पुष्कळांचा थोडाथोडा हात. घरी सासूबाईंना विचारलं. शांतपणे म्हणाल्या, "बीपी चढलं म्हणून आठव्यातच सीझर केलं की माझं. तुम्ही कुणी विचारलंच कुठं?"

हो, एक राहिलं. जिना चढून गेल्या गेल्या बीपी मोजू देऊ नका. माझं 138 आलं होतं, पाच मिनिटं बसल्यावर 122.

सदतिसाव्या आठवड्यात 146/94 झालंच. औषध देऊन कळा आणल्या, बाळंतपण नॉर्मल झालं. घरी आल्यावर आईचं कार्ड, माझं कार्ड आणि सासूबाईंकडून लिहून घेतलेला अर्धा कागद लॅमिनेट करून मुलीच्या जन्मदाखल्याच्या पिशवीत ठेवला.